पहिलाच परदेश प्रवास: लेस्टरला आत्याकडे जायचे आहे, मार्गदर्शन हवे

नारायणपेठी

नमस्कार मंडळी.

मी आणि माझी पत्नी, दोघेही साठी ओलांडलेले, येत्या मे-जूनमध्ये प्रथमच परदेशी जाण्याचे ठरवत आहोत. इंग्लंडमधील लेस्टर या शहरात माझी आत्या राहते. तिचे वय आज ८८ आहे. १९६० साली लग्नानंतर ती आतोबांबरोबर मुंबईहून बोटीने तिकडे गेली. आतोबा पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले होते आणि तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत त्यांना नोकरी मिळाली होती. आता आतोबा नाहीत. आतेभाऊ त्याच शहरात आणि आतेबहीण लंडनजवळ राहते. दोघांचाही जन्म तिकडचाच. आत्याला डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला आहे, त्यामुळे भेट व्हायची असेल तर आम्हीच जायला हवे, आणि ते आता लांबवू नये असे आम्हा दोघांनाही मनापासून वाटते.

या भेटीला आणखी एक कारण आहे. आमचा वाडा नारायण पेठेत नदीच्या अंगाला होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही धरण फुटले, आणि त्या पुरात आमच्या वाड्यातील आजोबांची दप्तरे, आजीची लाकडी पेटी आणि घरातले सगळे फोटो गेले. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे आजी-आजोबा तरुणपणी कसे दिसत होते हे मी कधी पाहिलेले नाही. आत्या मात्र पुराच्या आदल्याच वर्षी गेली होती आणि जाताना आजीने तिच्या ट्रंकेत काळ्या पानांचा एक आल्बम ठेवला होता. आमच्या संपूर्ण घराण्यात जुने फोटो उरले असतील तर ते त्या एका आल्बममध्ये. आतेभावाने मध्यंतरी त्यातील दोन-तीन पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. एकात वाड्याच्या चौकात वीस-पंचवीस माणसे बसलेली आहेत, पण त्यातले कोण कोण हे सांगणारे इकडे कोणीही उरलेले नाही. माझे वडीलही आता नाहीत. ते सांगू शकेल अशी एकटी आत्याच आहे. तिची स्मरणशक्ती चांगली आहे, मात्र ऐकू कमी येते आणि ती लवकर दमते.

माझ्या शंका अशा. निमंत्रणाचे पत्र आत्याने द्यावे की आतेभावाने? किती दिवस राहावे? थोरल्या वहिनींचे म्हणणे असे की व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो आणि तिकिटाला एवढे पैसे पडतात, तर दोन महिने तरी राहून या. पत्नीला मात्र इतके दिवस कोणाच्या घरी राहणे प्रशस्त वाटत नाही. आतेभावाची पत्नी इंग्रज आहे आणि त्यांच्या मुलांना मराठी येत नाही. त्यांच्यासाठी काय न्यावे आणि त्या घरात कसे वागावे, याचाही अंदाज नाही. शेवटची शंका माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. आल्बमविषयी विचारायचे तर आहे, पण आम्ही तिला भेटायला न येता फोटोंसाठी आलो, असे तिला किंवा तिच्या मुलांना क्षणभरही वाटू नये. ज्यांनी असा प्रवास केला आहे किंवा जे तिकडे राहतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कर्वेनगरकर

आपण ज्या भावनेने जात आहात ती वाचून फार बरे वाटले. मी व्हिसा आणि प्रवास याविषयी लिहितो. घरातल्या गोष्टींबद्दल तिकडची मंडळी अधिक चांगले सांगतील.

आपल्याला लागेल तो स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा. त्यावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते. अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा, शुल्क तिथेच भरायचे आणि मग बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या केंद्रात जायचे. हे केंद्र पुण्यातही आहे, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. प्रवासाच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. मे-जूनमध्ये गर्दी असते, म्हणून तारखा ठरल्या की थांबू नका.

निमंत्रणाचे पत्र आतेभावाने देणे अधिक सोयीचे, कारण आपण त्याच्याच घरी उतरणार असाल. त्याने आपले नाते, राहण्याचा पत्ता, कालावधी आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहावे आणि सोबत स्वतःच्या पासपोर्टची व घराच्या पत्त्याच्या पुराव्याची प्रत जोडावी. आत्यांचेही दोन ओळींचे पत्र जोडता आले तर अवश्य जोडा. ८८ वर्षांच्या आत्याला प्रवास करता येत नाही म्हणून भाचा भेटायला जात आहे, हे प्रवासाचे अगदी खरे आणि समजण्यासारखे कारण आहे. ते अर्जात सरळ शब्दांत लिहा.

तपासणारा अधिकारी मुख्यतः दोन गोष्टी पाहतो: खर्च झेपणारा आहे का आणि माणूस परत येणार का. निवृत्तिवेतनाचा पुरावा, आयकर विवरणपत्रे, सहा महिन्यांचे बँक खाते-उतारे, घराची कागदपत्रे हे सर्व व्यवस्थित लावून द्या. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. ती कुठून आली हे दाखवता आले नाही तर उलट संशय येतो. सातबारा उतारा किंवा मराठीतील कोणताही कागद जोडणार असाल तर त्याचे पूर्ण इंग्रजी भाषांतर सोबत लागते. वहिनींच्या, म्हणजे आपल्या पत्नींच्या, कागदपत्रांत कुठे माहेरचे आणि कुठे सासरचे नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही जोडा. आपल्याकडे या एका गोष्टीमुळे किती कुटुंबांची धावपळ होते ते मी जवळून पाहिले आहे.

पुण्याहून लंडनला थेट विमान नाही. एक तर मुंबईहून थेट जावे किंवा पुण्याहून दिल्लीमार्गे. पहिल्या प्रवासासाठी मी मुंबईचा थेट मार्ग सुचवीन, कारण मध्ये विमान बदलण्याची चिंता राहत नाही. मात्र खंडाळ्याच्या घाटात वाहतूक कधी अडकेल याचा भरवसा नसतो, म्हणून पुण्यातून विमानाच्या वेळेच्या आठ-नऊ तास आधी निघालेले चांगले. तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअरची मदत नोंदवा. चालता येत असले तरी नोंदवा, कारण मुंबईचे दुसरे टर्मिनल आणि हीथ्रो या दोन्ही ठिकाणी चालणे बरेच असते, आणि सोबतचा कर्मचारी इमिग्रेशनच्या रांगेतूनही नीट पार करून देतो. या मदतीचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आता खाण्याच्या वस्तूंबद्दल, कारण पुणेकर इथेच अडकतात. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, चक्का आणि घरचे साजूक तूपसुद्धा नेता येत नाही. बाकरवडी, पोह्यांचा चिवडा, भाजणी, मसाले यांना अडचण नाही. लोणचे न्यायचे तर ते मोठ्या बॅगेत घाला, कारण हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरहून अधिक पातळ पदार्थ चालत नाही. भेटवस्तूंची एकूण किंमत माणशी ३९० पौंडांच्या आत ठेवा. त्यावर गेली तर जाहीर करून कर भरावा लागतो.

भारतीय सिम बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, म्हणून आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी चालू करून घ्या.

मिडलँड्सवासी

मी बरीच वर्षे इंग्लंडच्या याच भागात राहते आणि माझ्याकडे सासर-माहेरची मंडळी पुण्याहून येऊन गेली आहेत. पाहुणे आले की आम्हाला खरोखर आनंद होतो हे आधी सांगते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून तसे वाटणार नाही.

दिवसांविषयी आपल्या पत्नींचे म्हणणे मला पटते. लेस्टरमध्ये दहा-बारा दिवस, त्यानंतर आतेबहिणीकडे चार-पाच दिवस आणि उरलेला वेळ तुमचा स्वतंत्र प्रवास, अशी आखणी दोन्ही बाजूंना सोसते. इथे घरात कामाला बाई नसते. नवरा-बायको दोघे नोकरी करतात, आणि पाहुण्यांसाठी रजा काढायची तर ती वर्षाच्या ठरावीक रजांमधून जाते. आतेभावाला तारखा कळवण्याआधी त्याच्या कामाचे वेळापत्रक विचारा आणि मगच तिकीट काढा. हे विचारणे परकेपणाचे वाटेल, पण इथे वाढलेल्या माणसाला त्यात आपली काळजी घेतल्यासारखे वाटते.

आत्यांचा दिनक्रमही आधीच समजून घ्या. या वयात एकट्या राहणाऱ्या बहुतेकांकडे मदतनीस ठरलेल्या वेळी येतात: सकाळी आंघोळ आणि नाश्ता, दुपारी जेवण, संध्याकाळी औषधे. त्या वेळा सांभाळून जावे लागते. सकाळी अकराच्या सुमारास माणूस ताजेतवाने असते, दुपारी झोप लागते आणि संध्याकाळपर्यंत थकवा येतो. दिवसभर त्यांच्याजवळ बसून राहण्यापेक्षा रोज सकाळी दीड-दोन तास जा. आठवडाभर रोज येणारा भाचा म्हणजे त्यांच्यासाठी केवढी मोठी गोष्ट असेल! इथल्या वृद्धांचे आठवडे फार एकसारखे जातात.

पहिल्या भेटीत लगेच जुने काही विचारू नका. पुण्यातली सध्याची माहिती सांगा, तुमच्या मुलांचे फोटो दाखवा, नारायण पेठेत आता काय आहे ते सांगा. जमले तर निघण्यापूर्वी वाड्याच्या जागेवर जाऊन, लक्ष्मी रस्ता, ओंकारेश्वर, नदीकाठ, त्यांची शाळा यांचे छोटे व्हिडिओ काढून न्या. त्या हुजूरपागेत शिकल्या असतील तर शाळेचे प्रवेशद्वार त्यांना दाखवल्यावर पुढचे सगळे त्या स्वतःच बोलतील.

घरात वावरताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. इथल्या बाथरूमच्या जमिनीला पाणी वाहून जायला मोरी नसते, क्वचित जमिनीवर गालिचाही असतो. आंघोळ टबाच्या आतच करायची आणि पडदा टबाच्या आत सोडायचा. बाहेर सांडलेले पाणी खालच्या मजल्याच्या छतातून झिरपते. दुसरी गोष्ट फोडणीची. मोहरी-हिंगाचा धूर झाला की छताला लावलेला धुराचा भोंगा वाजू लागतो आणि सगळे घर दचकते. स्वयंपाक करून घालण्याची हौस वहिनींना असणारच आणि तुमच्या आतेभावाच्या पत्नीला त्याचे कौतुकही वाटेल, पण आधी विचारा, खिडकी उघडा, वरचा पंखा लावा, आणि त्यांच्या भांड्यांपैकी कोणती धातूच्या उलथन्याने खरवडायची नाहीत तेही विचारून घ्या.

मुलांशी बोलताना पगार, लग्न, मूलबाळ हे विषय त्यांनी काढल्याशिवाय काढू नका. मराठी येत नाही याबद्दल त्यांना किंवा त्यांच्या आईवडिलांना काही म्हणू नका. १९६० च्या आसपास आलेल्या कुटुंबांना आजूबाजूला मराठी बोलणारे दुसरे घर मिळणेसुद्धा कठीण होते, शिवाय घरी दुसरी भाषा बोललात तर मूल शाळेत मागे पडेल असे त्या काळी शिक्षकच सांगत असत. त्या आईवडिलांनी भाषा सोडली ती बेपर्वाईने नव्हे. आजच्या तरुण पिढीला मात्र आपण कुठले याची ओढ वाटते. तुमचा आल्बमचा विषय त्या मुलांना तुमच्याइतकाच जवळचा वाटण्याची शक्यता आहे, म्हणून त्यांना वगळून तो करू नका.

औंधचे डॉक्टर

प्रकृतीविषयी थोडे लिहितो.

प्रवास विमा घेताना आधीपासून असलेले आजार, म्हणजे रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, हे अर्जात लिहा आणि त्यांच्यामुळे उद्भवलेल्या तातडीच्या उपचारांचा खर्च विम्यात येतो ना हे वाचून घ्या. स्वस्त विम्यात बहुधा हाच भाग वगळलेला असतो. ब्रिटनमधील आरोग्यसेवा तिथल्या रहिवाशांना मोफत असली तरी पाहुण्यांना नाही. अपघात व तातडीच्या विभागात पैसे घेत नाहीत, परंतु रुग्णालयात दाखल केले की तिथल्या ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते. ते बिल थकले तर पुढच्या व्हिसाला अडथळा येतो.

औषधे संपूर्ण मुक्कामाची आणि वर आठवडाभराची न्या, मूळ पाकिटातच ठेवा आणि हातातल्या पिशवीत ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे व्यापारी नाव नको, मूळ रसायनाचे नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिकडे ओळखत नाहीत. उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. दिवसातून एकदा घ्यायच्या गोळ्यांना त्याचा फारसा प्रश्न येत नाही, पण इन्सुलिन घेत असाल तर प्रवासाच्या दिवसाचे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चाला आणि पाणी पीत राहा.

जूनमध्ये तिकडे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पाचच्या आधी उगवतो. पहिले काही दिवस झोप लागत नाही. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्यांना थोडा वेळ भेटा आणि लांबच्या गप्पा तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सुरू करा. आपणही पेंगुळलेले नसावे.

सिंहगड रस्ता

मिडलँड्सवासी यांच्या बाकी सर्व सूचनांशी सहमत आहे, पण दिवसांविषयी वेगळे मत नोंदवतो. आत्या ८८ वर्षांच्या आहेत आणि यांचा पुन्हा जाण्याचा योग येईल असे नाही. अशा वेळी दहा-बारा दिवस फार कमी वाटतात. आतेभावाच्या घरी गैरसोय होणार असेल तर त्याच शहरात पुढचे दोन आठवडे भाड्याने लहानसे घर घ्यावे, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करावा आणि रोज सकाळी आत्यांकडे जावे. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रस्त्यावर डाळी, पिठे, भाज्या सगळे मिळते. १९७२ मध्ये युगांडातून हाकलली गेलेली अनेक गुजराती कुटुंबे तिथे स्थायिक झाली, त्यामुळे ते शहर आपल्याला परके वाटत नाही.

लंडनचे पर्यटन कमी करावे, असेही सुचवतो. लेस्टरहून सेंट पँक्रास स्टेशनला रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो, साठीपुढच्या माणसांना सीनिअर रेलकार्डावर एक तृतीयांश सवलत मिळते, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. मोठी सरकारी संग्रहालये मोफत आहेत. एकच ठिकाण निवडायचे तर मी किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर निवडीन, जिथे डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले.

जुने फोटो

आपली शेवटची शंका वाचून मुद्दाम लिहीत आहे. पुण्यातील जुन्या कुटुंबांचे फोटो आणि कागद जमवण्याचे काम मी काही काळापासून करतो, आणि पानशेतच्या पुरात फोटो गेले असे सांगणारी घरे मला नदीकाठच्या सर्वच पेठांत भेटली आहेत. अशा घरांचे फोटो बहुधा लग्न होऊन बाहेरगावी गेलेल्या मुलींकडेच सापडतात. आपल्याकडे तो आल्बम सुखरूप आहे हे मोठेच भाग्य.

आल्बम तुम्ही मागू नका. आधीच्या भेटींत पुण्याच्या गोष्टी निघाल्या की तो बहुधा त्याच काढायला सांगतील, आणि नाही सांगितले तर आतेभावाने काढावा. पाने त्यांना स्वतः उलटू द्या. एका बैठकीत दोन-तीन पाने पुरेत. "हे कोण?" असे बोट ठेवून एकामागून एक विचारत गेलात तर परीक्षा घेतल्यासारखे होते आणि नाव आठवले नाही की वृद्ध माणूस खट्टू होते. त्यापेक्षा "हा कुठला प्रसंग?", "त्या दिवशी घरी कोण कोण आले होते?" असे विचारा. माणूस प्रसंगात शिरले की नावे आपोआप येतात. त्यांनी सांगितलेले साल तुमच्या माहितीशी जुळले नाही तरी तिथे दुरुस्त करू नका, ते नंतर ताडून पाहता येते.

ऐकू कमी येते असे आपण लिहिले आहे. त्यांच्या समोर बसा, उजेड तुमच्या चेहऱ्यावर येईल असे बसा, दूरचित्रवाणी बंद असू द्या आणि आवाज न चढवता सावकाश बोला. श्रवणयंत्र असेल तर ते लावलेले आहे ना आणि त्याची बॅटरी चालू आहे ना हे आतेभावाला हळूच विचारा. त्यांची परवानगी घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करा. फोन टेबलावर घडी घातलेल्या रुमालावर ठेवला की टेबलाचा खडखड आवाज मुद्रणात येत नाही. प्रत्येक पान उलटताना "पान तिसरे, वरचा डावा फोटो" असे तुम्ही मोठ्याने म्हणा, नाहीतर सहा महिन्यांनी ऐकताना कोणत्या फोटोविषयी बोलणे चालले आहे ते कळत नाही.

फोटोंच्या प्रती घेण्याविषयी. काळ्या पानांच्या आल्बममध्ये फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवलेले असतील तर ते अलगद निघतात, आणि निघाले तर मागची बाजू जरूर पाहा. तिथे स्टुडिओचा शिक्का, तारीख किंवा आजीच्या हातची एखादी ओळ असू शकते. खळीने चिकटवलेले असतील तर अजिबात ओढू नका, पान तसेच राहू द्या. स्कॅनर मिळाला तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. फोननेच काढायचे तर आल्बम खिडकीजवळ सपाट ठेवा, थेट ऊन नको, फ्लॅश बंद ठेवा आणि फोन पानाला समांतर धरा. मागे नाव लिहायचे झाल्यास मऊ शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

मूळ आल्बम तिथेच राहावा असे मला स्पष्टपणे वाटते. तो आत्यांचा आहे आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलांचा. आपल्या मनात तो पुण्यात आणण्याचा विचार नाही, फक्त प्रती हव्या आहेत, हे आतेभावाला आणि आतेबहिणीला जाण्यापूर्वीच फोनवर सांगून टाका. तेवढ्याने आपल्याला वाटणारा संकोच बराचसा दूर होईल. तिथल्या मुलांना स्कॅनिंगच्या कामात घ्या, नावांची इंग्रजी यादी त्यांच्याकडून करवून घ्या आणि ध्वनिमुद्रणाची प्रत त्यांनाही द्या. आजी वाड्याबद्दल मराठीत बोलताना त्यांनी कदाचित कधी ऐकलेलीच नसेल.

एक विनंती. पत्रेही विचारा. पुरानंतर आपल्या आजोबांनी मुलीला पत्र लिहून घरची हकिकत कळवली असणारच. ते निळे एरोग्राम, म्हणजे हवाई टपालाची घडीची पत्रे, आत्यांनी जपले असतील, तर ते फोटोंइतकेच मोलाचे आहेत. वाड्याचे, घाटाचे किंवा त्या काळच्या रस्त्याचे फोटो निघाले तर सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात त्यांच्या प्रती अवश्य दाखवा.

नारायणपेठी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आतेभावाशी बराच वेळ बोललो. मूळ आल्बम तिथेच राहील हे मी सांगितल्यावर तो म्हणाला की त्याची धाकटी मुलगी गेल्या वर्षभरापासून आजीला त्याच फोटोंविषयी विचारते आहे, पण आजी त्या विषयावर मराठीत बोलू लागते आणि मुलीला समजत नाही. आता ती आमच्या बरोबर बसणार आहे. पत्रांचे विचारले तेव्हा आत्याच्या कपाटात एरोग्रामचा गठ्ठा असल्याचे त्याने सांगितले. दिवसांचे असे ठरले की दहा दिवस त्याच्याकडे आणि पुढचे दहा-बारा दिवस जवळच भाड्याच्या घरात राहायचे.

दोन लहान शंका उरल्या आहेत. पत्नीला आतेभावाच्या पत्नीची ओटी भरायची आहे, ते योग्य दिसेल का? आणि आजीची एक जुनी सोन्याची ठुशी आत्याला दाखवायला न्यायची आहे. ती आम्ही परत आणणार आहोत, तर येताना अडचण होईल का?

कर्वेनगरकर

ठुशीसाठी निघतानाच मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. वजन आणि वर्णनाची त्यात नोंद होते आणि परत येताना तो दागिना नव्याने आणल्याचे धरून कर मागितला जात नाही. सराफाकडून मूल्यांकनाचा कागद आणि दागिन्याचा फोटो जवळ ठेवा, आणि या कामासाठी तासभर अधिक हाताशी ठेवून पोहोचा. ठुशी अंगावर किंवा हातातल्या पिशवीत असू द्या, मोठ्या बॅगेत घालू नका.

मिडलँड्सवासी

ओटी अवश्य भरा, पण अचानक नको. आदल्या दिवशी वहिनींनी त्यांना शेजारी बसवून काय करतात आणि का करतात हे सांगावे. माझ्या ओळखीच्या इंग्रज सुनांना हे फार आवडते, कारण घरात आपल्याला मानाने घेतले जात आहे हे त्यांना कळते. नारळ इथे मिळतो, तांदूळ घरात असतोच, तुम्ही फक्त खण किंवा साडी आणा. साडी नेसवून घेण्याचा आग्रह मात्र नको. त्यांनी म्हटले तर नेसवा.

आत्यांसाठी काय आणावे हे तुम्ही विचारले नाहीत, म्हणून सांगते. या वयात कडक, तिखट किंवा तळलेले बहुतेकांना झेपत नाही, तेव्हा बाकरवडी बाकीच्यांसाठी ठेवा आणि त्यांच्यासाठी घरी केलेले मेतकूट आणा. त्यांच्या जेवणात काय चालते ते आतेभावाला विचारून घ्या आणि मदतनिसांनाही कल्पना द्या. मऊ भातावर ते कालवून देता येते, आणि मेतकुटात दूध नसल्यामुळे विमानतळावरही कोणी अडवत नाही.